महिला सॉकर आणि महाविद्यालयाची निवड : अमेरिकेतील शैक्षणिक व क्रीडाविषयक निकषांचे विवेचन

प्रस्तावना :

उच्च शिक्षण आणि स्पर्धात्मक क्रीडा यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्था जगात फार थोड्या आहेत. युरोपात उदयोन्मुख खेळाडू क्लबकडे जातो आणि शिक्षण त्याच्या सोयीने मागेपुढे होते. भारतात महाविद्यालय हे शिक्षणाचे केंद्र असते आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा हा त्याला जोडलेला उपक्रम असतो. अमेरिकेत मात्र महाविद्यालय हेच गेली अनेक दशके क्रीडाविकासाचे प्रमुख केंद्र राहिले आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाला तेथे सॉकर म्हणतात आणि महिला सॉकरच्या बाबतीत तर महाविद्यालयीन मैदान हीच राष्ट्रीय संघाची पाठशाळा ठरली.

या व्यवस्थेत प्रवेश घेणाऱ्या मुलीला सतराव्या-अठराव्या वर्षी एकाच वेळी दोन निवडी कराव्या लागतात. कोणत्या संघाकडून खेळायचे ही एक आणि कोणत्या संस्थेची पदवी घ्यायची ही दुसरी. दोन्ही निवडी एकाच अर्जात बांधलेल्या असतात. त्यामुळे एक चुकली तर दुसरीही अडचणीत येते. संघाच्या झगमगाटाकडे पाहून प्रवेश घेतलेली मुलगी चार वर्षे राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून नको असलेल्या विषयाची पदवी घेऊन बाहेर पडू शकते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील निकषांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला सॉकरची पार्श्वभूमी व रचना समजून घेणे.
२) आर्थिक साहाय्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) निवडीचे शैक्षणिक व क्रीडाविषयक निकष विशद करणे.
४) महाराष्ट्रातील विद्यार्थिनी व प्राध्यापक यांच्या दृष्टीने या निकषांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अमेरिकेतील महिला सॉकरचा विस्तार हा एका कायद्याचा परिणाम आहे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील 'टायटल नाइन' या तरतुदीने केंद्रीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास मनाई केली. या तरतुदीच्या मूळ मजकुरात खेळाचा उल्लेख नव्हता, तरी तिचा सर्वांत दृश्य परिणाम क्रीडाक्षेत्रातच झाला.

पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल संघाला वरच्या स्तरावर ८५ शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. या खेळाला महिलांचा तुल्य खेळ नव्हता. समतोल साधण्यासाठी जास्त खेळाडू सामावून घेणारा आणि तुलनेने कमी खर्चाचा महिला खेळ हवा होता. सॉकर ही गरज पूर्ण करू शकत होता. याच कारणाने पुढे प्रथम विभागात महिला सॉकर संघाला १४, तर पुरुष सॉकर संघाला केवळ ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली.

नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एन.सी.ए.ए., या संस्थेने महिला सॉकरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये भरविली. त्या वेळी असे संघ शंभराच्याही आत होते. आज या संस्थेच्या तिन्ही विभागांत मिळून एक हजारांहून अधिक महिला संघ आहेत. १९८२ ची स्पर्धा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली आणि २०२४ पर्यंत या विद्यापीठाने एन.सी.ए.ए.ची २२ विजेतेपदे मिळविली. मिया हॅम ही जगप्रसिद्ध खेळाडू याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होय.

स्पर्धांचे स्तर व त्यांचा अर्थ :

एन.सी.ए.ए. अंतर्गत तीन विभाग आहेत. प्रथम विभागात सुमारे ३५० महिला संघ आहेत. येथे प्रवास, सराव आणि अपेक्षा या तिन्ही गोष्टींचा भार सर्वाधिक असतो. द्वितीय विभागात शिष्यवृत्ती मिळते, परंतु ती बहुधा अंशतः असते आणि सामने तुलनेने जवळच्या प्रदेशात होतात. तृतीय विभागात क्रीडा शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. या विभागाबाहेर एन.ए.आय.ए. ही स्वतंत्र संघटना आणि द्विवार्षिक महाविद्यालयांची एन.जे.सी.ए.ए. ही संघटना कार्यरत आहे.

'तृतीय' या शब्दावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. ही विभागणी शैक्षणिक दर्जाची नाही. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेज आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ या अत्यंत प्रतिष्ठित संस्थांचे महिला सॉकर संघ तृतीय विभागात खेळतात. विल्यम्सने २०१५, २०१७ व २०१८ मध्ये, तर जॉन्स हॉपकिन्सने २०२२ मध्ये त्या विभागाचे विजेतेपद पटकावले. उलटपक्षी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इत्यादी आयव्ही लीगमधील विद्यापीठे प्रथम विभागात खेळतात, परंतु क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथे मिळणारे साहाय्य कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर अवलंबून असते. म्हणून विभागाचा क्रमांक पाहून संस्थेचा दर्जा ठरविणे चुकीचे ठरते.

आर्थिक साहाय्याचे स्वरूप :

'शिष्यवृत्ती मिळाली' हे वाक्य ऐकताच पालकांच्या मनात संपूर्ण शुल्कमाफीचे चित्र उभे राहते. महिला सॉकरमध्ये हे चित्र बहुतांशी खरे नव्हते. प्रथम विभागातील १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा ही समतुल्य स्वरूपाची होती. म्हणजे १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम पंचवीस ते तीस मुलींमध्ये विभागून देता येत असे. एखादीला पूर्ण, एखादीला चतुर्थांश, तर एखादीला केवळ पुस्तकांचा खर्च मिळे.

२०२५ मध्ये या रचनेत मोठा बदल झाला. 'हाउस विरुद्ध एन.सी.ए.ए.' या खटल्यातील तडजोडीला ६ जून २०२५ रोजी न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली. तडजोड स्वीकारणाऱ्या प्रथम विभागातील संस्थांसाठी शिष्यवृत्तीची संख्यामर्यादा गेली आणि तिच्या जागी संघसंख्येची मर्यादा आली. महिला सॉकरसाठी ती २८ आहे. तत्त्वतः सर्व २८ जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. प्रत्यक्षात किती द्यायची हे संस्थेच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते. या बदलाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. शिष्यवृत्तीविना केवळ आवडीने संघात राहणाऱ्या मुलींसाठी जागा आक्रसल्या आहेत. आयव्ही लीगने ही तडजोड स्वीकारलेली नाही.

आर्थिक तुलना करताना मिळणाऱ्या टक्केवारीपेक्षा कुटुंबाने भरावयाची रक्कम पाहणे इष्ट होय. समजा, एका प्रथम विभागातील विद्यापीठाचा वार्षिक खर्च ८०,००० डॉलर आहे आणि त्याने ३० टक्के क्रीडा शिष्यवृत्ती देऊ केली. कुटुंबाला ५६,००० डॉलर भरावे लागतील. तितक्याच खर्चाच्या तृतीय विभागातील महाविद्यालयाने गुणवत्ता व गरज यांच्या आधारे ५०,००० डॉलर दिले तर भरणा ३०,००० डॉलरवर येतो. पहिल्या प्रस्तावात मान आहे, दुसऱ्यात बचत आहे. शिवाय दुसरे साहाय्य खेळाशी बांधलेले नसल्याने मुलीने खेळ सोडला तरी ते सुरू राहते.

शैक्षणिक निकष :

अ) पात्रता : प्रथम विभागासाठी माध्यमिक स्तरावरील १६ मूलभूत विषय-अभ्यासक्रम आणि त्यांत किमान २.३ गुणसरासरी आवश्यक असते. द्वितीय विभागात ही सरासरी २.२ आहे. एन.सी.ए.ए.ने जानेवारी २०२३ मध्ये प्रमाणित परीक्षांची अट पात्रतेतून वगळली. मात्र ही केवळ खेळण्याची पात्रता आहे. संस्थेचा प्रवेश वेगळा असतो आणि नामांकित संस्थांत तो याहून कितीतरी कठीण असतो.

आ) पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण : एन.सी.ए.ए. प्रत्येक संघाचा पदवीयश-दर प्रसिद्ध करते. केंद्र शासनाच्या पद्धतीत संस्था बदलून गेलेली विद्यार्थिनी अपयशी गणली जाते. एन.सी.ए.ए.च्या पद्धतीत चांगल्या शैक्षणिक स्थितीत बाहेर पडलेल्या मुली वगळल्या जातात आणि बाहेरून आलेल्या मोजल्या जातात. म्हणून हा आकडा सहसा अधिक दिसतो. प्रथम विभागात महिला सॉकरचा हा दर नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. अशा वेळी केवळ उच्च आकड्याने संघांत फरक करता येत नाही. पदवी मिळाली हे आकडा सांगतो, कोणत्या विषयाची मिळाली हे सांगत नाही. त्यासाठी संघाच्या यादीतील तिसऱ्या व चौथ्या वर्षाच्या मुलींचे विषय पाहावेत. जीवशास्त्र, अभियांत्रिकी किंवा परिचर्या यांपैकी हवा तो विषय घेणारी एकही मुलगी त्या यादीत नसेल, तर त्यामागील कारण विचारणे आवश्यक ठरते.

इ) वेळापत्रक : हा निकष सर्वाधिक दुर्लक्षित आहे. हंगामात साप्ताहिक क्रीडाकार्यावर २० तासांची आणि हंगामाबाहेर ८ तासांची मर्यादा आहे. परंतु सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरला जातो आणि प्रवासाचा वेळ मोजलाच जात नाही. त्यामुळे २० तास हा आकडा प्रत्यक्ष भाराचे पूर्ण दर्शन घडवीत नाही. विज्ञान शाखेतील प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी असतात आणि अनेक ठिकाणी सरावही दुपारीच असतो. प्रयोगशाळा आणि सराव यांचा संघर्ष झाल्यास संघ कोणाच्या बाजूने उभा राहतो, या प्रश्नाच्या उत्तरात त्या संस्थेची खरी ओळख दडलेली असते.

ई) प्रवास : २०२४ मध्ये प्रथम विभागातील परिषदांची मोठी पुनर्रचना झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया (बर्कली) ही विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. यू.सी.एल.ए. व सदर्न कॅलिफोर्निया ही विद्यापीठे मध्यपश्चिमेत रुजलेल्या बिग टेनमध्ये सामील झाली. या बदलामुळे पश्चिम किनाऱ्यावरील मुलींना सत्राच्या मध्यावर खंड ओलांडून, तीन तासांच्या कालफरकासह सामने खेळावे लागतात. बुडालेले तास आणि परीक्षांची फेरआखणी हा त्याचा शैक्षणिक परिणाम होय.

क्रीडाविषयक निकष :

पहिला निकष खेळण्याच्या संधीचा आहे. संघ बलाढ्य आहे का, यापेक्षा त्या संघात आपल्या जागेवर कोण खेळते, हे पाहणे महत्त्वाचे असते. मध्यरक्षक म्हणून खेळणाऱ्या मुलीने संघातील मध्यरक्षक कोणत्या वर्षात आहेत आणि त्याच जागेसाठी आणखी किती जणींना बोलावणे आहे, हे तपासावे. गोलरक्षकाच्या बाबतीत हा विचार निर्णायक ठरतो, कारण तेथे एका वेळी एकच जागा असते. २०२१ पासून बदली प्रवेशाचे नियम शिथिल होत गेले. २०२४ पासून शैक्षणिक अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा संस्था बदलून लगेच खेळता येते. परिणामी नवोदित मुलीची स्पर्धा आता समवयस्कांशीच नव्हे, तर अन्य विद्यापीठांतून आलेल्या अनुभवी खेळाडूंशीही असते.

दुसरा निकष प्रशिक्षकाचा आहे. प्रशिक्षक बदलल्यास खेळाची पद्धत आणि पसंतीचे खेळाडू दोन्ही बदलतात. चार दशकांहून अधिक काळ नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक असलेले अ‍ॅन्सन डोरन्स हेही ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर निवृत्त झाले. त्याच वर्षी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ विजेता ठरला, ही गोष्ट वेगळी. परंतु केवळ प्रशिक्षकासाठी संस्था निवडणाऱ्या मुलीचा आधार एका दिवसात नाहीसा होऊ शकतो, हा धडा त्यातून मिळतो.

तिसरा निकष आरोग्याचा आहे. गुडघ्यातील पुढच्या क्रूसीय अस्थिबंधाची दुखापत महिला खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते, म्हणजे एक संपूर्ण हंगाम जातो. म्हणून संघासाठी पूर्णवेळ क्रीडा-चिकित्सक आहे का, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक उपलब्ध आहे का आणि दुखापतीनंतर शिष्यवृत्तीचे काय होते, हे प्रश्न संकोच न बाळगता विचारले पाहिजेत.

चौथा निकष व्यावसायिक भवितव्याचा आहे. एकेकाळी महाविद्यालय हाच व्यावसायिक संघाकडे जाणारा मार्ग होता. आता तसे राहिलेले नाही. ट्रिनिटी रॉडमन ही २०२१ मध्ये महाविद्यालयाकडून एकही सामना न खेळता व्यावसायिक संघात निवडली गेली. स्टॅनफर्डची कॅटरिना मॅकारिओ त्याच वर्षी पदवीपूर्वीच फ्रान्समधील लिऑन संघाकडे गेली. अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगने २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड-पद्धतच रद्द केली. अर्थात असे खेळाडू मूठभरच असतात. बहुसंख्य मुलींचा शेवटचा स्पर्धात्मक सामना महाविद्यालयातच होतो आणि त्यानंतर सोबत राहते ती पदवी.

या संदर्भात रेचल ब्युलर-व्हॅन होलेबेक हिचे उदाहरण बोलके आहे. तिने स्टॅनफर्डमध्ये मानवी जीवशास्त्राचे शिक्षण घेतले, २००८ व २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघाची ती बचावपटू होती आणि २०१५ मध्ये निवृत्त होऊन ती वैद्यकीय शिक्षणाकडे वळली. पहिल्या निवडीत शिक्षणाचा पाया भक्कम असल्यामुळेच दुसरे आयुष्य शक्य झाले.

निवडप्रक्रिया :

पूर्वी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींकडूनही तोंडी होकार घेतले जात. या प्रथेला आळा घालण्यासाठी २०१९ मध्ये प्रथम विभागाने नियम कडक केले. आता दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षक मुलीशी भरतीविषयक संवाद साधू शकत नाही आणि अधिकृत भेट त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून होऊ शकते. तोंडी होकार कोणत्याही पक्षावर बंधनकारक नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' ही पद्धत बंद झाली. आता आर्थिक साहाय्याचा लेखी करार हाच मुख्य दस्तऐवज आहे. प्रशिक्षकाचे गोड शब्द आणि करारातील रक्कम यांत फरक आढळल्यास करारच खरा मानावा.

संस्था बदलण्याची मोकळीक वाढली असली तरी शैक्षणिक श्रेयांक तितक्या सहजतेने हलत नाहीत. प्रथम विभागात तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या प्रारंभी ६० टक्के आणि पाचव्याच्या प्रारंभी ८० टक्के भाग पूर्ण असावा लागतो. नव्या संस्थेने जुने श्रेयांक नाकारले तर मुलगी मैदानावर खेळण्यासही अपात्र ठरू शकते. म्हणून 'नाही जमले तर बदलू' हा विचार धोक्याचा आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

२०२२ मध्ये महिला आशिया चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाले आणि त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबई, भुवनेश्वर व मडगाव येथे झाले. या स्पर्धांच्या निमित्ताने मुलींच्या फुटबॉलकडे समाजाचे लक्ष वेधले गेले. परदेशात शिकत खेळण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आणि त्यांच्या प्राध्यापकांसाठी काही मुद्दे लक्षात घेण्याजोगे आहेत.

पहिला मुद्दा गुणपत्रिकांचा. आपल्याकडे दहावी व बारावीच्या गुणांनाच महत्त्व देण्याची रीत आहे. अमेरिकेत पात्रता ठरविताना नववीपासूनची कामगिरी विचारात घेतली जाते. कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीची गुणपत्रिका काळजीपूर्वक तयार करणे हे त्यामुळे केवळ कार्यालयीन काम राहत नाही.

दुसरा मुद्दा प्रवेशाच्या वेळेचा. २०२५ पर्यंतच्या नियमांनुसार प्रथम विभागात खेळण्याचा पाच वर्षांचा कालावधी विद्यार्थिनीने कोणत्याही देशातील महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून मोजला जातो. बारावीनंतर 'तूर्त येथे बी.ए.ला नाव घालू, मग पाहू' असा सल्ला दिला गेल्यास तिचा हा कालावधी नकळत सुरू होतो.

तिसरा मुद्दा पैशाचा. परदेशी विद्यार्थिनींना अमेरिकी शासनाचे गरजाधारित साहाय्य मिळत नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांच्या वापरातून उत्पन्न मिळविण्याची मुभा असली तरी एफ-१ व्हिसावरील विद्यार्थिनींवर रोजगारविषयक कडक बंधने आहेत. त्यामुळे अशा उत्पन्नावर हिशेब मांडता येत नाही.

चौथा मुद्दा शिफारसपत्राचा. तेथील प्रवेश समितीला विद्यार्थिनीची अभ्यासातील चिकाटी जाणून घ्यायची असते. 'विद्यार्थिनी होतकरू असून तिचे वर्तन चांगले आहे' एवढ्याने काम भागत नाही. सराव सांभाळून तिने कोणता अभ्यास कसा पूर्ण केला, याचा तपशील प्राध्यापकच देऊ शकतात.

निष्कर्ष :

१) महिला सॉकरसाठी महाविद्यालय निवडताना विभागाचा क्रमांक हा दर्जाचा निदर्शक मानू नये.
२) शिष्यवृत्तीच्या टक्केवारीऐवजी कुटुंबावर पडणारा प्रत्यक्ष भार आणि साहाय्य खेळावर अवलंबून आहे किंवा नाही, हे तपासावे.
३) पदवीयश-दराबरोबरच संघातील मुली प्रत्यक्षात कोणते विषय शिकतात हे पाहावे.
४) संघाच्या कीर्तीपेक्षा स्वतःच्या जागेवर खेळण्याची संधी, वैद्यकीय व्यवस्था आणि प्रवासाचा भार यांना अधिक महत्त्व द्यावे.

या सर्व निकषांचे सार एका प्रश्नात सामावलेले आहे. पहिल्याच हंगामात गुडघा दुखावला, प्रशिक्षक बदलला आणि पुन्हा मैदानावर उतरता आले नाही, तरी त्याच संस्थेत चार वर्षे शिकावेसे वाटेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर निवड योग्य आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर संघ कितीही मोठा असला तरी तो प्रस्ताव नाकारण्याचे धैर्य मुलीने दाखवावे आणि पालकांनी व शिक्षकांनी तिला त्यासाठी बळ द्यावे.